बर्गनला वड नसतो

“साप कात टाकतो, अन् मी म्हातारी कात चढवून राहिली,” आत्याबाई आरशाकडे तोंड करून पुटपुटत होत्या.

ते मला उद्देशून नव्हतं. पण कपडे घालून बघायची ती खोली इतकी अरुंद होती की त्यांचं कोपर माझ्या बरगडीत आणि माझी पर्स त्यांच्या पाठीत, त्यामुळे ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता. मे महिना, जळगाव, भर दुपार. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. आणि आत माझी सासू गळ्यापासून घोट्यापर्यंत काळ्या थर्मलमध्ये कोंबली गेली होती. वरून नऊवारी नेसून बघायचा त्यांचा हट्ट होता.

“काकू, साइज बसतोय का?” पडद्याबाहेरून दुकानदार ओरडला. “माळ्यावरून काढलाय माल. उन्हाळ्यात हे मागणारं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. कुठं, मनालीला?”

“बर्गन,” आत्याबाई आतून म्हणाल्या. परक्या माणसाशी त्या शुद्ध बोलायच्या, शाळेत धडा म्हणून दाखवल्यासारख्या. “नॉर्वे देशात आहे. समुद्राकाठी. माझा मुलगा असतो तिथे.”

“वा वा! मग काय, मुलाकडे चाललात! मजा आहे सासू-सुनेची.”

आरशात आमची नजर एक क्षण एकमेकींना भिडली आणि दोघींनीही ती लगेच काढून घेतली. त्यांनी थर्मलची बाही ओढली, मी त्यांच्या निऱ्या सारख्या केल्या.

“बसतंय,” मी बाहेर सांगितलं. “दोन द्या.”

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. म्हणजे लग्न होऊन आल्या दिवसापासून ती आपल्या बापाची बहीण, अशी ती सोय. माझ्या बाबतीत ती सोय पुढे फारच उपयोगी पडली, कारण ज्याच्या नात्याने ती माझी सासू होती तो माणूसच घरात राहिला नाही. आमचे हे, सुधाकर भारंबे, जहाजांच्या पंपांचे इंजिनिअर. दोन वर्षांसाठी म्हणून बर्गनला गेले. सासरे वारले तेव्हा आले, दहावं-बारावं उरकून परत गेले, त्यानंतर आले नाहीत. मूलबाळ आम्हाला नव्हतंच. सुरुवातीला दर आठवड्याला फोन यायचा, मग महिन्याला, मग दिवाळीला आणि आत्याबाईंच्या वाढदिवसाला. “कधी येतोस?” या प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, “बघू, पुढच्या वर्षी.” माणूस नेमका होता. उत्तर कधी बदललं नाही.

मी रिकामी बसणारी नव्हते. परसात केळीचे घड उतरायचे, त्यांचे वेफर्स तळायला लागले. पहिल्या वर्षी कच्चे, दुसऱ्या वर्षी करपलेले आणि तिसऱ्या वर्षापासून जळगावच्या चार दुकानांत माझे वेफर्स दिसायला लागले. कुणी शिकवलं नाही. तेल किती तापलं की केळं चुरचुरतं आणि किती तापलं की रुसतं, हे हात पोळूनच कळतं.

एका दिवाळीला फोन स्पीकरवर होता. मागे एका लहान मुलाचा आवाज आला. काय बोललं ते कळलं नाही, पण त्यात एक शब्द होता जो कुठल्याही भाषेत कळतो. पप्पा. मग एका बाईने त्याला दटावलं, आणि ह्यांनी घाईघाईने रिसीव्हर झाकला. फोन ठेवल्यावर आत्याबाई म्हणाल्या, “टीव्ही लावला असंल त्यानं.”

“हो,” मी म्हटलं. “मोठा केला असेल आवाज.”

झालं. तेव्हापासून आमच्या घरात तो विषय म्हणजे टीव्हीचा आवाज. मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, आणि कुणीही म्हणत नव्हतं. हळदीकुंकवाला मला बोलावणं यायचं. वटपौर्णिमेला सगळ्यांबरोबर मी वडाला सूत गुंडाळायचे, सात जन्म हाच पती मिळू दे म्हणायचे, आणि शेजारणी तेवढ्यापुरत्या आपापल्या पूजेच्या ताटात बघायच्या. खोटं का सांगू, त्या न बोलण्यात माझीही सोय होती. कपाळावर कुंकू आणि तोंडाला कुलूप, एवढ्यावर गल्लीत मान राहत होती.

थर्मल घेतले त्या वर्षी, संक्रांत झाल्यावर आत्याबाई अचानक म्हणाल्या, “मले बर्गन पाहायचं आहे.”

मी वेफर्सच्या पिशव्यांना सील मारत होते.

“एवढ्या लांब? तुमचे गुडघे…”

“गुडघे विमानात बसूनच राहतील ना? चालायचं तं विमानाले आहे.”

मग मी नाही कशी म्हणणार? आईला मुलाचं घर बघावंसं वाटतं, याच्यापुढे सुनेने काय बोलायचं? त्यांना एकटीला पाठवणं शक्य नव्हतं. म्हणजे मलाही जायचं होतं. पासपोर्ट निघाले, सुटकेस आली, आणि त्या सगळ्या धांदलीत माझ्या डोळ्यांसमोर एकच दार. तिथे ते दार उघडेल. ह्यांनी नाही, दुसऱ्याच कुणीतरी उघडलेलं असेल. आणि ती बाई, किंवा ते मूल, मला सरळ विचारेल की तुम्ही कोण. आत्याबाईंकडे उत्तर होतं, आजी. माझ्याकडे काय होतं?

ट्रॅव्हल एजंट तुषार राजपूत हा आमच्याच गल्लीतल्या जुन्या भाडेकरूचा मुलगा. त्याच्या ऑफिसात एसी होता म्हणून आत्याबाईंना ते फार आवडायचं. त्याने कॉम्प्युटर आमच्याकडे वळवून बर्गनचा फोटो दाखवला. बंदर, पाठीमागे हिरवा डोंगर, आणि पाण्याला लागून लाल, पिवळी, पांढरी लाकडी घरं, एकमेकांना खेटून उभी.

आत्याबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. “घरं वाकडी आहेत.”

“जुनी आहेत, आजी. शेकडो वर्षांची. लोक मुद्दाम बघायला जातात.”

“वाकडं पाहायले एवढ्या लांब जातात?” त्या म्हणाल्या. पण फोटो बाजूला करू देईनात. घरं खरोखरच वाकडी निघाली, पण ते नंतरचं.

“पाऊस मात्र भरपूर,” तुषार म्हणाला. “वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस पडतो. जून बरा. रात्री दहालाही उजेड असतो.”

“रात्री दहाले उजेड? मग माणसं झोपतात कधी?”

“पडदे लावून, आजी.”

“केळी मिळतात का तिथं?”

“मिळतात, पण आपल्यासारखी नाहीत.”

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझ्या धंद्याची नॉर्वेत शाखा निघणार होती.

तुषारने तारखा काढायला घेतल्या. “जूनच्या पहिल्या आठवड्यात चांगलं तिकीट आहे. शनिवारी निघायचं, रविवारी तिथे.”

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे माझी नजर गेली. “त्या रविवारी वटपौर्णिमा आहे,” मी म्हटलं. “नंतरचं बघ.”

“असू दे,” आत्याबाई म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना ऐकू नीट आलं नाही. “आत्याबाई, वटपौर्णिमा. पूजा राहील.”

“राहू दे. बर्गनले वड नसतो.” आणि तुषारला म्हणाल्या, “तेच काढ बाबा तिकीट.”

दरवर्षी पहाटे उठवून, मला उपास घडवून, हातात सुताची गुंडी देऊन वडाकडे पाठवणारी ही बाई. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या एसीच्या वाऱ्याला तोंड करून डोळे मिटून बसल्या होत्या.

“राहायचं काय?” तुषारने विचारलं. “सुधाकरकाकांकडेच ना? मग त्यांचं निमंत्रणाचं पत्र लागेल.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “हॉटेल बघ.”

“हॉटेल? काका असताना?”

आता आत्याबाई विचारणारच, असं मला वाटलं. पोटचा मुलगा असताना हॉटेल कशाला, हा प्रश्न त्यांनी विचारायलाच हवा होता. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, “व्हिसाले लागत असंल. काढून ठेव.”

मी मनात म्हटलं, बरं झालं, म्हातारीला नियमांतलं कळत नाही. आपण किती हुशार आहोत असं माणसाला वाटतं ते नेमकं अशा वेळी.

तिकिटं निघाली, तरी ह्यांना अजून काहीच सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत मी टाळत होते. शेवटी एका रविवारी संध्याकाळी आत्याबाईंनी स्वतः फोन लावायला सांगितलं. आमच्याकडून फोन गेला म्हणून आधी तर ते घाबरलेच.

“काय झालं? तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे. मी येऊन राहिली तुह्याकडं.”

“कुठे?”

“बर्गनले. जूनमधी.”



“आई, अगं इथे थंडी फार असते.”

“जूनमधी उन्हाळा आहे तिथं. तुषार म्हणाला. तरी आतले लोकरीचे कपडे घेतले आम्ही.”

“पाऊस असतो गं सारखा.”

“रेनकोट घेतले. निळे. दोन.”

“दोन?”

“कुंदा आहे ना संगं.”

पलीकडे आवाज बंद. लग्नानंतर माझ्याविषयी त्यांनी इतका वेळ विचार केल्याचं मला आठवत नाही.

“आई, घर लहान आहे.”

“मी कुठंही झोपतो. स्वयंपाकघरात झोपतो.”

“इथे तसं नसतं, आई. आणि जूनमध्ये मी बहुतेक बाहेरगावी असेन.”

“मग जुलैत येऊ?”

“जुलैमध्ये इथे सगळे सुट्टीवर असतात.”

“तुले सुट्टी असली तं चांगलंच आहे की.”

“तसं नाही गं…”

आत्याबाई पलंगाच्या कडेला ताठ बसल्या होत्या. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला, जणू समोर कुणी वडीलधारं बसलं होतं. “सुधाकर, तूच सांग मग. दिवाळीत येऊ? पुढल्या साली येऊ? तुले जमंल तशी एक तारीख सांग. मी तिकीट बदलवतो. कोणतीबी सांग.”

“बघतो. सांगतो नंतर. आत्ता जरा मीटिंगमध्ये आहे.”

रविवार होता, हे मी मघाशी सांगितलंच.

“बरं,” आत्याबाई म्हणाल्या. “जेवत जाय वेळेवर.”

मी फोन बंद केला. त्यांच्याकडे पाहायचा धीर होईना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्यापेक्षा त्यांचं वाईट वाटलं. मला नवऱ्याने नको म्हटलं, ती एक गोष्ट. पण ही बाई स्वयंपाकघरात जमिनीवर झोपायला तयार होती.

“आत्याबाई, तिकिटं रद्द करू का? तुषारला आत्ताच फोन करते.”

त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. “उद्या बिबडे करायचे आहेत. सगळ्या जणींले सांगितलं का तू?”

“सांगितलंय. पण तिकिटांचं…”

“ज्वारी तीन दिवसांची भिजली आहे. अजून ठेवली तं वास धरंल.” आणि त्या मागच्या पडवीत भिजवणीच्या पातेल्यावरची ताटली उचलून बघायला गेल्या.

बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. तीळ, लसूण, तिखट घालून ज्वारीचा घट्ट घाटा शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर थापून मोकळं व्हायचं. हे एकटीचं काम नाही. आज आमच्या गच्चीवर, उद्या तुमच्या, अशा गल्लीतल्या बायका एकमेकींच्या घरी जातात. ओलं धोतर पसरायचं, त्यावर वाफाळता गोळा टाकायचा आणि हात पाण्यात बुडवून तो पातळ पसरवायचा. हाताला चटके बसतात आणि ते विसरायला म्हणून तोंडं चालतात.

सकाळी उजाडता उजाडता सगळ्या जमल्या. समोरच्या लीलाबाई झोपे सगळ्यांत आधी. गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे लीलाबाईंना त्या घराच्या आधी कळायचं. शेजारच्या कमलवहिनीही आल्या, बसायला आपलं पाटलं घेऊन.

“मग काय वं कुंदा,” लीलाबाई पदर खोचत म्हणाल्या, “नवऱ्यासाठी काय काय भरलं पेटीत?”

“थर्मल,” मी म्हटलं.

हशा पिकला. “माय वं! एवढ्या वर्षांनी चालली, अन् नवऱ्याले थर्मल!”

“मग काय नेऊ, वांगी? आत्याबाई तर भरताची वांगी न्यायला निघाल्या होत्या. तुषारने सांगितलं, विमानतळावर काढून घेतात.”

“घेऊ दे की. त्यांच्या तरी तोंडाला चव येईल,” कमलवहिनी म्हणाल्या. “ते येतील ना गं घ्यायला? विमानतळावर?”

प्रश्न साधा होता. कमलवहिनी मनाने सरळ. मी धोतराची घडी झटकत सवयीने म्हटलं, “येतील की. न यायला काय झालं.”

लीलाबाईंनी घाट्याच्या पातेल्यात बघितलं. कमलवहिनींनी आकाशात. वडाखाली व्हायचं तेच पुन्हा झालं. आत्याबाई एका बाजूला पाटावर बसून गोळे काढत होत्या, वर न बघता.

आमच्या गल्लीत रीत आहे, पहिला बिबडा घरच्या परगावी असलेल्या माणसाच्या नावाने थापायचा. सुनेने नाव घेऊन थापायचा आणि तो बाजूला जपून ठेवायचा, माणूस आला की त्याला तळून द्यायचा. आला नाही तर पुढच्या उन्हाळ्यात गाईला. आमच्या ह्यांच्या वाटचे बिबडे खाऊन गल्लीतली गाय इतकी सोकावली होती की मेअखेरीला आमच्याच दारात येऊन उभी राहायची. दर वर्षी मी नाव घ्यायचे. बायका “वा वा” म्हणायच्या. मग काम सुरू व्हायचं.

आत्याबाईंनी पहिला गोळा धोतरावर ठेवला. त्यातून वाफ निघत होती.

“घे वं नाव,” लीलाबाई म्हणाल्या. “औंदा तं झोकात घे. समोरासमोर भेट आहे.”

मी हात पाण्यात बुडवला, गोळ्यावर नेला, आणि तोंड उघडलं. दर वर्षी सहज निघायचं ते नाव निघेना. काल संध्याकाळचं ते “बघतो, सांगतो” आडवं आलं असेल. तरी मी ते काढणारच होते. सगळ्या थांबल्या होत्या.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांना लागलेला घाटा गरम होता.

“नको घेऊ त्याचं नाव.”

“काय झालं काकू?” कमलवहिनींचा आवाज चिरकला. “काही वाईट बातमी…”

“वाईट व्हायचं ते होऊन लई वर्षं झाली. बोललो नाही आपण, एवढंच.” आत्याबाईंनी माझा हात सोडला नाही. आवाज चढवला नाही, की डोळ्यांत पाणी आणलं नाही. दूधवाल्याला उद्या किती दूध हवं ते सांगावं तशा त्या बोलत होत्या. “माह्या पोरानं हिले टाकलं. तिथं त्याची दुसरी बायको आहे, लेकरू आहे. मले माहीत आहे, हिले माहीत आहे, अन् लीला, तुले तं माह्यापेक्षा आधी माहीत होतं. ही बिचारी अजून त्याच्यासाठी वडाले फेरे मारते, अन् मीच पाठवतो तिले. काल मी त्याले एक तारीख मागितली. एक. त्याच्याजवळ नाही निघाली.”

खाली रस्त्यावर दूधवाल्याची सायकल गेली.

“तिकीट रद्द नाही करायचं, कुंदा. बर्गनले आपण दोघी चाललो, फिरायले. ते हॉटेल तू काढलं ना, तिथंच राहू. त्याच्या दारात जायचं की नाही, ते तू ठरव. तू नाही म्हटलं तं मीबी नाही जाणार. अन् हा पहिला बिबडा तुह्या नावाचा. थाप आता, माय, घाटा थंडा होऊन राहिला.”